कपाशीचं बियाणं अर्धंही उगवलं नाही, दुकानदार पक्कं बिल देत नाही, ग्राहक कोर्टात जाता येतं का?

बोरीकाठचा

राम राम मंडळी. मी पुण्याला कंपनीत कामाला आहे, गाव पारोळा तालुक्यात. शेती बाबा बघतात, मी फक्त पैसे पाठवतो आणि फोनवर सल्ले देतो ज्याचा काही उपयोग होत नाही.

तर झालं असं की या वर्षी बाबांना एका विशिष्ट वाणाच्या 6 थैल्या पाहिजे होत्या, सगळ्या गावालाच तो वाण पाहिजे होता, आणि दुकानदार आधी म्हणाला माल नाही, मग म्हणाला आहे पण 1350 ला एक पडेल. थैलीवर छापील किंमत 901. वरून प्रत्येक 3 थैल्यांमागे एक टॉनिकची बाटली घ्यावीच लागेल म्हणाला, 450 ची एक, अशा दोन गळ्यात मारल्या. बाबांनी घेतलं कारण पेरणी थांबत नाही. एकूण 9000 झाले, त्यातले 4000 मी इथून फोनपे केले दुकानदाराच्या नंबरवर, बाकीचे 5000 उधार, कापूस विकला की देऊ. बिल म्हणून काय दिलं तर वहीच्या कागदावर आकडे लिहिलेली चिठ्ठी, त्यावर ना दुकानाचं नाव ना लॉट नंबर.

5 जूनला ठिबकवर टोबणी केली (एकेक बी हाताने टोचून लावलं), पाणी वेळेवर दिलं. आज 19 तारीख, तीन एकरात शंभरात चाळीसच उगवलंय, जे उगवलंय तेही कुठे चार पानं कुठे नुसता कोंब. दुकानदाराकडे गेले तर तो म्हणतो तुम्ही खोल टाकलं असेल, जमीन तापली असेल, आमच्याकडे दुसऱ्या कोणाची तक्रार नाही. पक्कं बिल मागितलं तर म्हणतो छापील भावाचंच देईन आणि ते पण दिवाळीनंतर हिशोब झाला की.

माझे प्रश्न असे की शेतकरी ग्राहक धरला जातो का, कारण इथे ऑफिसात एकजण म्हणाला की तुम्ही विकायला पिकवता म्हणजे तो धंदा झाला, ग्राहक कायदा घरच्या वापराला असतो. दुसरं म्हणजे बिलच नाही तर सिद्ध काय करणार. सातबारा आजोबांच्या नावावर आहे, त्याने काही अडतं का. आणि बाबा म्हणताहेत उद्या सगळं मोडून मका टाकतो, वापसा (पेरणीजोगी ओल) आहे तोवर.

खान्देशी_मिसळ

आमना गावमा बी हाईच शे भाऊ. लिंकिंग त आते रीतच पडी गयी. युरिया मांगा त तो म्हनस नॅनो युरियानी बाटली ली जा.

टायपिंगवाला_जळगाव

भाऊ बाकी सगळं नंतर वाच, आधी बाबांना फोन लाव आणि सांग की शेत मोडू नका. निदान दोन दिवस. मोडायचंच असेल तर मधल्या दहा-बारा ओळी सलग तशाच सोडा, नांग्या पण भरू नका त्यात, म्हणजे न उगवलेल्या जागी परत बी टाकू नका. मी वकील नाही, जळगावला कोर्टाबाहेर टायपिंग करतो, 14 वर्षांत बियाण्याचे अर्ज इतके टाइप केलेत की मजकूर पाठ झालाय, आणि त्यातले जे हरले ते बहुतेक कायद्यामुळे नाही हरले, शेत मोडून मग तक्रार केली म्हणून हरले.

आता तुझा पहिला प्रश्न. शेतकरी ग्राहक आहे, हा वाद मिटलेला आहे. 2012 साली सुप्रीम कोर्टात नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी अशी केस झाली, त्यात कंपनीने हेच सगळं सांगून बघितलं, की हा धंदा आहे, की बियाण्याचा वेगळा कायदा आहे तिकडे जा, की बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासला नाही. कोर्टाने एकही ऐकलं नाही. पोट भरायला शेती करणारा ग्राहकच, बियाण्याच्या 1966 च्या कायद्यात शेतकऱ्याला भरपाई मिळायची सोय नाही म्हणून ग्राहक कोर्टाचं दार त्याला उघडं आहे. आणि नमुन्याबद्दल जे सांगितलं ते मला फार आवडतं, की शेतकरी सगळं बी पेरणार, बी खराब निघेल असं धरून कोणी मूठभर बाजूला काढून ठेवत नसतो. कंपनीकडे त्याच लॉटचं बी असतं, त्यांनीच तपासून घ्यावं ना. हा निकाल 1986 च्या जुन्या कायद्यातला, पण 2019 चा नवा कायदा आला (लागू झाला जुलै 2020 पासून) त्यातही कलम 100 ला तेच आहे, की हा कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे, बदल्यात नाही.

उधारीचं टेन्शन घेऊ नको. कायद्यात ग्राहकाची व्याख्याच अशी आहे की पैसे दिलेले असोत, द्यायचं कबूल केलेलं असो, थोडे दिले थोडे राहिले असोत, सगळं चालतं. सातबाऱ्याने पण अडत नाही, ज्याने विकत घेतलं तो ग्राहक आणि त्याच्या संमतीने जो वापरतो तो पण. फक्त अर्ज बाबांच्या नावाने कर, तुझ्या नाही, आणि आजोबांचा सातबारा पीक पेऱ्यासकट जोड.

बिल नाही म्हणतोस पण फोनपेची एंट्री आहे ना तारखेसकट, ती मोठी गोष्ट आहे. चिठ्ठी पण फाडू नको. आणि रिकाम्या थैल्या शोध रे बाबा, त्यावर लॉट नंबर, तपासणीची तारीख, उगवणीचं प्रमाण सगळं छापलेलं असतं. विकून बिल न देणं ही कायद्यात अनुचित व्यापारी प्रथाच धरली आहे. म्हणजे दुकानदाराने बिल दिलं नाही याने तुझी केस कच्ची नाही झाली, त्याची झाली.

आता उद्या सकाळी काय करायचं ते. बाबांनी साध्या कागदावर अर्ज लिहायचा, एक पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याला, एक तालुका कृषी अधिकाऱ्याला, त्यात गट नंबर, वाण, लॉट नंबर, पेरणीची तारीख, किती उगवलं ते, आणि दोन्हीकडे पोच घ्यायची, आवक नंबर असलेली. तोंडी सांगून येऊ नका, साहेब येतो म्हणतात आणि येत नाहीत. अर्ज गेला की तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतावर येते, त्यात कृषी खात्याचे लोक, विद्यापीठाचा किंवा कृषी विज्ञान केंद्राचा माणूस, कंपनीचा माणूस असे असतात, ओळी मोजून पंचनामा करतात. या कागदावर पुढची सगळी केस उभी राहते. आणि इथेच मेख आहे, नीट वाच. समिती पुष्कळदा नुसतं लिहून जाते की उगवण 40 टक्के. का ते लिहितच नाही. मग ग्राहक आयोगात, म्हणजे तेच ग्राहक कोर्ट, कंपनीचा वकील म्हणतो पाऊस, खोली, मर रोग, काय वाट्टेल ते. म्हणून बाबांनी तिथे उभं राहून सांगायचं की साहेब कारण लिहा.

त्यासाठी एक विचारतो, त्याच शेतात दुसऱ्या कुठल्या कंपनीचं बी लावलंय का त्याच दिवशी?

बोरीकाठचा

हो दादा!! बांधाकडच्या एका एकरात दुसऱ्या कंपनीच्या 2 थैल्या आहेत, तोच दिवस, तेच ठिबक, टोबणारे मजूर पण तेच, ते झकास उगवलंय. माझ्या डोक्यातच आलं नाही हे. बाबांना फोन केला, मोडायचं थांबवलंय पण कुरकुरताहेत, म्हणे मक्याचा वापसा गेला तर तू येणार का पेरायला.

टायपिंगवाला_जळगाव

मग अर्धी लढाई झाली तुझी. ते एकर पंचनाम्यात आलंच पाहिजे, की शेजारी त्याच दिवशी त्याच पाण्यावर लावलेलं दुसरं बी उगवलं आणि हे नाही. आता खोल टाकलं म्हणू दे त्यांना.

केंद्रचालक

माझं स्वतःचं कृषी केंद्र आहे, तालुका सांगत नाही. शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

पहिली गोष्ट, 1350 घेतले हे चूकच आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. कापसाच्या थैलीचा भाव केंद्र सरकार ठरवतं, 2015 च्या आदेशाने, दर वर्षी नोटिफिकेशन निघतं, 2025 च्या हंगामाला बीजी टू म्हणजे बीटी कपाशीची 475 ग्रॅमची थैली 901. त्याच्या वर घेतलं तर कृषी खात्याचा गुणनियंत्रण निरीक्षक लायसन्सवर येऊ शकतो आणि छापील किमतीपेक्षा जास्त घेतलं म्हणून वैधमापनवाल्यांकडे, म्हणजे वजनमाप बघणाऱ्या सरकारी खात्याकडे, पण तक्रार होते. आणि आम्हाला बियाणे नियंत्रण आदेश 1983 प्रमाणे लायसन्स असतं, त्यात लिहिलंय की रोजचा साठा आणि भाव फलकावर लावायचा, गिऱ्हाइकाला बिल द्यायचं, रोखीचं असो की उधारीचं. दिवाळीनंतर बिल हा प्रकार कुठेच नाही.

पण लिंकिंगचं सांगतो. ते आम्ही करतो असं सगळ्यांना वाटतं. मला वरून 100 थैल्या पाहिजे असल्या तर डिस्ट्रिब्युटर म्हणतो एवढ्याची औषधं उचल, नाहीतर माल दुसऱ्या गावाला जाईल. ती औषधं मी घरी पिऊ का. त्या बाटल्या माझ्या रॅकवर एक्स्पायर झालेल्या तुम्हाला दिसत नाहीत. कायद्याने मी पण चुकतोय आणि वरचा पण, फरक एवढाच की निरीक्षक माझ्या दुकानात येतो, डेपोत जात नाही.

आता कामाचं. ज्या लॉटची तक्रार आहे त्या लॉटच्या थैल्या अजून दुकानात किंवा गोडाउनला पडून असतील तर निरीक्षकाला सांगा नमुना घ्या म्हणून, अर्जातच लिहा. तो सीलबंद नमुन्याचे तीन भाग करतो, एक आमच्याकडे देतो, एक सरकारी प्रयोगशाळेत जातो, एक जपून ठेवतात. हे लवकर करा, कारण तक्रारी सुरू झाल्या की कंपनी तो लॉट गुपचूप परत बोलावते, मी पाहिलंय.

आणि दुसरं, येत्या आठवड्यात कंपनीचा पोरगा मोटारसायकलवर येईल, गोड बोलेल, फुकट थैल्या देईल आणि एका कागदावर सही मागेल. तो कागद वाचा. त्यावर लिहिलेलं असतं की माझी काही तक्रार नाही, नुकसान भरून मिळालं.

अण्णा_धुळेकर

केंद्रचालक साहेब खरं बोलले म्हणून बरं वाटलं, पण लिंकिंगवर थोडं जोडतो. कायद्यात हे शब्दाशब्दाने आहे. एक वस्तू घ्यायची तर दुसरी घ्यावीच लागेल अशी अट घालणं म्हणजे निर्बंधकारक व्यापारी प्रथा, तिच्याविरुद्ध ग्राहक आयोगात तक्रार करता येते, त्यासाठी बी उगवलं की नाही याचा संबंधच नाही. म्हणजे भाऊच्या अर्जात तीन वेगळ्या गोष्टी झाल्या, खराब बी, जादा भाव आणि लिंकिंग, तिन्ही वेगवेगळ्या लिहाव्या. लोक सगळं एका वाक्यात कालवतात.

माझी स्वतःची केस बियाण्याची नाही, विहिरीवरच्या मोटारीची होती. 18500 ची मोटार, पाच महिन्यांत तीनदा जळाली, दुकानदार म्हणायचा व्होल्टेज, कंपनी म्हणायची व्होल्टेज, आणि वायरमनला विचारलं तर तो हसायचा. धुळ्याला जिल्हा आयोगात मी स्वतः उभा राहिलो, वकील लावला नाही, लावायची सक्ती नाही. फी किती विचारतात सगळे. वस्तूला जे पैसे मोजले ते 5 लाखापर्यंत असतील तर शून्य. नव्या कायद्यात भरपाई किती मागितली त्यावर नाही, मोजलेल्या पैशावर ठरतं, जिल्हा आयोगाची हद्द पण त्यावरच, 50 लाखापर्यंत. म्हणजे भाऊचा व्यवहार 9000 चा झाला आणि पिकाचं नुकसान 3 लाख मागितलं तरी फी शून्यच.

आणि पूर्वी जिथे कंपनीचं ऑफिस असेल किंवा व्यवहार झाला तिथे जावं लागायचं, आता आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात करता येतं. हैदराबादची कंपनी असली तरी जळगावला यावं लागेल तिला. अर्ज ऑनलाइन पण होतो, आधी ई-दाखिल होतं, 2025 पासून ई-जागृती आलंय, आणि सुनावणी व्हिडिओवर मागता येते.

आता वेळेचं खरं सांगतो कारण इथे कोणी सांगणार नाही. कायदा म्हणतो तीन महिन्यात निकाल, वस्तू तपासायला पाठवावी लागली तर पाच. मला 19 महिने लागले. समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस आणि वर फार तर 15, त्याच्यापुढे नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी 2020 ला पक्कं केलं, माझ्यावेळी दुकानदार 45 दिवस उलटून गेल्यावर आला आणि त्याचं म्हणणं घेतलंच नाही. तिथेच केस फिरली. निकाल लागल्यावर पण पैसे देईना, मग कलम 72 चा अर्ज टाकला, आदेश पाळला नाही तर एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा 25 हजारापासून लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या अर्जाची नोटीस गेली आणि आठवड्याभरात पैसे घेऊन तो माझ्या ओट्यावर बसलेला, चहा घेतला, म्हणाला अण्णा एवढं कशाला ताणलं. मी म्हटलं साखर हवी का अजून.

दोन वर्षांची मुदत असते घटनेपासून, पण मुदत आहे म्हणून झोपू नका.

शिरपूरची_ताई

एक शंका. आमच्याकडे यूट्यूबवर एक जण कपाशीच्या शेतात उभा राहून एकरी 20 क्विंटल म्हणून सांगत होता, खाली कंपनीचं नाव, आमच्या ह्यांनी ते बघून बी घेतलं आणि आलं 5 क्विंटल. हे पण यात बसतं का?

टायपिंगवाला_जळगाव

ताई कमी उत्पन्न आलं एवढ्यावरून बी खराब होतं असं सिद्ध होत नाही, खरं सांगतो, त्यात पाऊस, अळी, खत सगळं येतं, असे अर्ज फेटाळले जातात. पण जाहिरातीचा रस्ता वेगळा आहे. 2019 च्या कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण नावाचं नवीन काढलंय, ते एका माणसाची भरपाई बघत नाही, धंदेवाल्याला लगाम घालतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखापर्यंत दंड, पुन्हा केली तर 50 लाख, आणि जाहिरातीत जो चेहरा दाखवतो त्याला पण वर्षभर जाहिराती करायला बंदी घालू शकतात. तक्रार कलेक्टरकडे पण देता येते, दिल्लीला जावं लागत नाही. तो व्हिडिओ आधी सेव्ह करा, हे लोक हंगाम संपला की उडवतात.

सरकी_खा_सरकी

एवढं करून शेवटी काय, कंपनी अपील करते, शेतकरी मरतो. 2017 ला गुलाबी बोंडअळी आली तेव्हा आम्ही पण भरले होते ते भरपाईच्या तक्रारीचे जी फॉर्म, महाराष्ट्राचा कापूस बियाण्याचा 2009 चा कायदा आहे त्याच्याखाली. तलाठी, कृषी सहाय्यक, लाइन लावून. अजून वाट बघतोय.

टायपिंगवाला_जळगाव

बोंडअळीत अडचण ही होती की ती बियाण्यामुळे आली हे एकेकट्याला दाखवणं अवघड. उगवणीची केस त्या मानाने सरळ असते, थैलीवर छापलेली टक्केवारी आणि शेतात दिसणारी टक्केवारी, दोन आकडे समोरासमोर. आणि अपील करायचं तर कंपनीला आधी निम्मी रक्कम भरावी लागते, ते पण 45 दिवसांत, पूर्वीसारखं उगाच अपील टाकून बसता येत नाही. मी म्हणत नाही की सोपं आहे. पण तुमचा राग आणि ह्या भाऊची केस एकच नाहीये.

भाऊ, केसमध्ये दुकानदार आणि कंपनी दोघांनाही समोरची पार्टी कर. पाकीट सीलबंद होतं, मी नुसतं विकलं, असं म्हणून दुकानदार बियाण्याच्या दोषातून सुटू शकतो, पण जादा भाव, लिंकिंग आणि बिल न देणं ही तीन त्याचीच आहेत, ती कंपनीवर ढकलता येणार नाहीत. आणि केस करायच्या आधी 1915 ला फोन करून तक्रार नोंदव, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात. मोठ्या कंपन्या तिथून गेलेल्या तक्रारीला कधी कधी लगेच उत्तर देतात. नाही दिलं तर ती नोंद कागद म्हणून कामाला येते.

बोरीकाठचा

अपडेट देतो, उशीर झाला माफ करा, मधे गावाला येऊन राहिलोय चार दिवस सुट्टी टाकून.

अर्ज दिले दोन्हीकडे, पोच घेतली. पहिल्या दिवशी आवक नंबर द्यायला तयार नव्हते, बाबा परत निघालेले, मीच बसून राहिलो टेबलासमोर. समिती काल येऊन गेली. तीन ठिकाणी ओळी मोजल्या, 38, 41 आणि 36 टक्के भरली, बांधाकडच्या एकरात 88. कारण लिहायला खरंच टाळाटाळ करत होते, म्हणे ते आमचं काम नाही, शेवटी एवढं लिहिलं की लगतच्या क्षेत्रात त्याच दिवशी लावलेल्या अन्य वाणाची उगवण समाधानकारक आढळली. चालेल ना एवढं? गावातले अजून दोघं निघाले त्याच लॉटचे, ते पण आता अर्ज देताहेत, आधी कोणी बोलत नव्हतं.

केंद्रचालक साहेब तुम्ही म्हणाला तसाच पोरगा आला, अगदी मोटारसायकलवर. 6 थैल्या फुकट आणि कागद. बाबा सही करायला निघालेच होते, त्यांचं म्हणणं की दुकानदाराशी तीस वर्षांचं देणंघेणं आहे, उद्या अडीनडीला खत कोण देणार, वैर कशाला. मी काही बोललो नाही, आईच बोलली, म्हणाली थैल्या ठेव, कागद घेऊन जा. तो दोन्ही घेऊन गेला.

मधल्या बारा ओळी सोडून बाकीचा मका टाकला.

रिकाम्या थैल्या शोधायला अख्खं खळं उपसलं. दोन भुशाच्या पोत्यामागे सापडल्या, तिसरीत आईने मेथीचं बी बांधून ठेवलेलं, आणि दोन शेतातच होत्या, बाबांनी पाखरं उडवायला बुजगावण्याच्या हाताला बांधलेल्या, वाऱ्याने चकाकतात म्हणून. सहावी नाही मिळाली. पाचांवरचा लॉट नंबर एकच आहे आणि स्वच्छ वाचता येतोय, बुजगावण्यासकट फोटो काढलाय.